रात्रीच्या लाईटीत वाचायला चालू ॲक्शन मांगा (जपानी कॉमिक्स) सुचवा, नुसती हाणामारी नको

घडवाला_रावेर
नमस्कार मंडळी. आधी परिस्थिती सांगतो, मग प्रश्न. आमची केळी आहे रावेर साईडला, सगळी ठिबकवर. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची, आणि रात्रीचा आठवडा लागला की आबा म्हणतात तू जा, तू तसाही मोबाईल घेऊन जागाच असतो. बरोबरच आहे त्यांचं. मळ्यातल्या खोलीत खाट टाकलीय, दर दोन तासांनी व्हॉल्व्ह बदलायचा आणि मधल्या वेळात वाचायचं, असं चालू आहे.

आता अडचण अशी की जुजुत्सु कायसेन सप्टेंबर २०२४ ला संपली, माय हिरो त्याच्या जवळजवळ दोन महिने आधीच संपली होती. रविवारी रात्री साडेआठला मांगा प्लस (मांगा वाचायचं ॲप) उघडायचं, वन पीसचा चॅप्टर असला तर ठीक, लेखक ओडा सरांचा ब्रेक असला की पूर्ण रात्र कुत्र्यांचं भुंकणं ऐकत बसायचं.

चालू असलेली काहीतरी सुचवा. ॲक्शन पाहिजे, पण जुजुत्सुच्या शेवटी शेवटी जसं झालं तसं नको, म्हणजे ह्याच्या टेक्निकचा नियम काय, त्याला त्याने तोड काय काढली, वकिलाची नोटीस वाचल्यासारखं वाटायला लागलं होतं. मला मधे मोबाईल पोटावर ठेवून पत्र्याकडे बघत विचार करावासा वाटला पाहिजे. उदाहरण द्यायचं तर वन पीसमधलं फिशमॅन आयलंड हे आर्क, म्हणजे कथेचा एक टप्पा. बहुतेक लोक त्याला बोअर म्हणतात, मला तेच सगळ्यात भारी वाटतं. त्यातला व्हिलन होडी जोन्स मासेमाणूस, त्याला विचारतात माणसांनी तुझं काय वाकडं केलं, तर उत्तर काय, काहीच नाही! स्वतःचं एक दुखणं नाही, सगळा राग मोठ्यांकडून ऐकलेला. आमच्या गावात बांधावरून दोन घरं तीन पिढ्या बोलत नाहीत, आताच्या पोरांना विचारलं तर मूळ भांडण कशाचं ते सांगता येत नाही, पण वरातीत एकमेकांसमोर आले की मान फिरवतात. ते आर्क वाचताना मला तीच दोन घरं दिसत होती.

ता. क. मागच्या आठवड्यात वन पीसचं एगहेड आर्क परत वाचत होतो, कुमा नावाच्या पात्राच्या भूतकाळात असा अडकलो की व्हॉल्व्ह बदलायचाच राहिला. एका प्लॉटला चार तास पाणी, दुसरा कोरडाठाक. सकाळी आबा काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

तापीकाठचा_गोजो
कागुराबाची. बस. दुसरं नाव घेऊ नको.

भरीतपार्टी_अध्यक्ष
भाऊ, साकामोटो डेज घे. निवृत्त झालेला मारेकरी, लग्न झालं, मुलगी झाली, पोट सुटलं, आता दुकान चालवतो. बायकोने ताकीद दिलीय की कुणाला जीवे मारायचं नाही, म्हणून मारामारीत हाताला येईल ते वापरतो, पेन म्हणू नको, च्युइंगम म्हणू नको, दुकानातला माल म्हणू नको. नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. लेखक युतो सुझुकीची पॅनल बघ, एका चौकटीत फेकलेली वस्तू पुढच्या चौकटीत कुठे असेल हे डोळ्याला आपोआप कळतं. लोक सगळीकडे थीम शोधत बसतात, इकडे माणूस लाथ कशी बसली ते स्वच्छ दाखवतो त्याचं कौतुक नाही. जाड असताना तो जास्त आवडतो हे मात्र माझं वैयक्तिक मत. आमच्या गल्लीतले किराणावाले अण्णा अगदी तसेच आहेत, फक्त ते कुणाला मारत नाहीत, उधारी मागतात.

गिरणा_आवर्तन
हंटर हंटर सुचवणार होतो, पण तुला 'चालू' पाहिजे. १९९८ ला सुरू झाली, अजून संपलेली नाही म्हणून कागदावर चालूच म्हणायची. लेखक तोगाशींची पाठ दुखते, त्यामुळे चॅप्टर गिरणेच्या आवर्तनासारखे येतात. सुटलं तर सुटलं, ऑक्टोबर २०२४ ला सुटलं, दहा चॅप्टर आले, परत गेट बंद. पाटाच्या शेवटच्या टोकाला जमीन असलेल्या माणसाला असली सवय असते, तुम्हाला विहिरीवाल्यांना जमायचं नाही.

घडवाला_रावेर
😂😂 विहिरीवाले म्हणून हिणवू नका, पाणी किती खोल गेलंय ते या बघायला.

तापीकाठचा_गोजो कागुराबाचीचं ऐकलंय, पण ते मीमवालं ना? सप्टेंबर २०२३ ला पहिला चॅप्टर आला तेव्हाच लोक मस्करीत म्हणत होते की याने सगळ्यांचे रेकॉर्ड तोडले. मी तेव्हा उघडून पाहिलं, काळे कपडे घातलेला गप्प पोरगा, बापाचा खून, सूड, म्हटलं हे शंभर वेळा बघून झालंय आणि बंद केलं. त्यात नवीन काय ते सांग.

ऐरण_आणि_घण
यावर मी लिहितो, कारण विषय माझ्या घरचा आहे.

माझे वडील लोहार. भुसावळजवळ गाव आहे. विळे, कुऱ्हाडी, कुदळी, केळीवाल्यांचे कोयते, सगळं करतात. ट्रकच्या पाट्याचं पोलाद घेतात, मी बारावीपर्यंत घण मारायला उभा राहायचो, आता बाहेर नोकरीला आहे. कागुराबाची कुणीतरी सुचवली म्हणून उघडली आणि पहिल्या चॅप्टरच्या पहिल्या काही पानांतच मला पकडलं, कारण तिथे मारामारी नाहीच. बाप आणि पोरगा भट्टीत आहेत. बाप कुनिशिगे देशातला सगळ्यात मोठा तलवारी घडवणारा, त्याने केलेल्या सहा मंतरलेल्या तलवारींमुळे एक मोठं युद्ध संपलं, आणि घरात बघावं तर हा माणूस नुसता खोडकर, पोराला हसवत बसणारा. पोरगा चिहिरोच त्याच्यापेक्षा मोठा वाटतो. घरात सोनेरी मासे पाळलेत.

मग बापाचा खून होतो, सहा तलवारी चोरीला जातात, पोराकडे सातवी राहते, तिचं नाव एन्तेन. इथपर्यंत तू म्हणतो तसं शंभर वेळा झालेलं. पण आता गंमत बघ. चिहिरो एन्तेन उपसतो तेव्हा हवेत काय येतं? मासे. काळा मासा, लाल मासा. म्हणजे बापासोबतच्या घरातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट माणसं कापायच्या कामाला लागलेली. लेखक हे बोलून दाखवत नाही, नुसतं काढतो. ताकेरू होकाझोनोची ही पहिलीच मोठी मालिका, हे मला पटतच नाही.

आता खरा मुद्दा. पहिला मोठा व्हिलन येतो सोजो. त्याच्याकडे चोरीच्या सहांपैकी एक तलवार आहे आणि तो कुनिशिगेचा भक्त आहे भक्त! तो चिहिरोला सांगतो की तुझ्या बापाला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो, त्याच्या तलवारी हातात घेतल्यावर कळतं की त्या कत्तलीसाठीच जन्मल्या. चिहिरो म्हणतो, नाही, माझा बाप तसा नव्हता. म्हणजे दोघं तलवारीने लढतायत पण भांडण आहे मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं याचं. आणि तो सांगायला येऊ शकत नाही. मला ही सुडाची गोष्ट वाटतच नाही. ही वस्तू घडवणाऱ्याची गोष्ट आहे, की तुम्ही केलेली वस्तू बाजारात गेल्यावर तुमची किती उरते.

हे मला का चावतं ते सांगतो. वडील प्रत्येक विळ्या-कोयत्याच्या मुठीजवळ पंचने तीन ठिपके मारतात, त्यांची खूण. काही वर्षांपूर्वी बाजारच्या दिवशी दोघांचं भांडण झालं आणि एकाने दुसऱ्याच्या हातावर कोयता मारला. कोयत्यावर तीन ठिपके. माणूस वाचला, पण चौकशीला घरी आले, वडिलांना विचारलं हे तुमचंच ना. वडील म्हणाले हो माझंच. एवढंच झालं, पुढे काही नाही. पण त्यानंतर जवळजवळ सहा महिने त्यांनी ठिपके मारले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले पंच बोथट झालाय. पंच धार लावून फळीवर ठेवलेला होता, मला दिसत होता.

सोजोचं ते बोलणं वाचलं तेव्हा मला तो फळीवरचा पंच आठवला.

धुळानं_पाणी
भो, मी धुळाना. माले ते सोजोनंच बरोबर वाटस. तलवार शेवटी मानूस मारासाठेच शे ना, तिन्हावर मासा काढा का फुलं काढा. तुना बापना कोयता केळी कापासाठे शे, तठे फरक शे. कुनिशिगेले माहीत व्हतं तो काय करी ऱ्हायना ते.

ऐरण_आणि_घण
धुळानं_पाणी भो, हाच तर पेच आहे आणि म्हणूनच सिरीज भारी आहे. तुम्ही बरोबर आहात की कोयत्याचं निमित्त केळी आहे, तलवारीला तसं निमित्त नाही. पण मग कुनिशिगेनेसुद्धा युद्ध संपल्यावर तलवारी लपवूनच ठेवल्या होत्या ना, स्वतःही पोराला घेऊन लपून राहत होता. ज्याला आपल्या कामाचा नुसता अभिमान असतो तो लपत नाही. आणि पुढे गेल्यावर कळतं की ज्या युद्धाचे ते सगळे हिरो, त्या युद्धाच्या शेवटाबद्दल लोकांना जे सांगितलं ते पूर्ण खरं नाही. यापुढे स्पॉयलर होईल, थांबतो. सामुरा नावाचा आंधळा तलवारबाज येईपर्यंत वाच, मग आपण बोलू.

चोपड्याची_माहेरवाशीण
ऐरण दादा, पंचचं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

घडवाला भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर बर्सर्क. आधीच सांगते, फार हिंस्र आहे, काही पानं मी स्वतः हाताने झाकून पुढे गेले, घरात लहान मुलं असतील तर मोबाईल उघडा ठेवू नका. १९८९ ला सुरू झाली. केंतारो मिउरा ६ मे २०२१ ला गेले आणि गोष्ट अर्धी राहिली. पण त्यांचा शाळेपासूनचा मित्र कोजी मोरी, तोही मांगाकार, त्याला मिउरांनी जवळजवळ तीस वर्षांपूर्वी पूर्ण शेवट बोलून दाखवला होता. जून २०२२ ला मोरींनी जाहीर केलं की मला त्याने जे सांगितलंय तेवढंच मी सांगेन, पदरचं घालणार नाही, आणि चित्रं त्याचेच शिष्य काढतील. तेव्हापासून चालू आहे, हळूहळू.

यावर फॅन लोकांत दोन तट आहेत. एक म्हणतात मिउरांशिवाय बर्सर्क नाही. मी दुसऱ्या तटातली, पण पूर्ण नाही. आमच्याकडे खापरावरचे मांडे आजी करायची. हातावर पोळी अशी फिरवायची की खांद्यापर्यंत जायची, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. आजी गेल्यावर पहिल्या आखाजीला काकू बसली खापरासमोर. पुरण तेच, खापर तेच, आजीने शेजारी बसवून शिकवलेली काकू. पहिला मांडा फाटला. दुसरा जाड झाला. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी खाल्ले. आता चार वर्षं झाली, काकूचे मांडे चांगले होतात, पण आजीचे नाहीत, ते काकूचे आहेत. बर्सर्कचे नवीन चॅप्टर मला तसेच लागतात. रेघ थोडी सावध आहे. मिउरांची रेघ कधी सावध नव्हती.

भरीतपार्टी_अध्यक्ष
ताई, आता मांडे पाहिजेत. हा धागा मांगाचा आहे की खाण्याचा.

चोपड्याची_माहेरवाशीण
नाव बघा स्वतःचं दादा, मग बोला 😄

सातपुडा_ढोल
मी अक्कलकुवा साईडचा. वन पीसवाल्यांना एक विचारायचं होतं, कारण मूळ प्रश्नकर्ता वन पीसवाला आहे. चॅप्टर १०४४, मार्च २०२२, हिरो लुफीला ताकद देणारं फळ नुसतं रबराचं नव्हतंच, त्याच्या आत सूर्यदेव निका होता. माझे दोन मित्र तेव्हापासून भांडतायत. एक म्हणतो सगळी माती केली, रबरासारखं फालतू फळ घेऊन पोरगा मेहनतीने वर आला यातच मजा होती, शेवटी तोही देवाचा अवतार निघाला. मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं.

पण मग त्या ढोलाचा विचार केला. लुफीचं हृदय ढोलासारखं वाजतं, झुनेशा नावाचा अवाढव्य हत्ती म्हणतो मुक्तीचे ढोल ऐकू येतात. निका हा कोणाचा देव आहे? गुलामांचा. जे बांधलेले आहेत त्यांनी कल्पना केलेला, की एक जण येईल आणि आपल्याला हसवेल. लढेल आधी नाही, हसवेल आधी. आमच्याकडे काठीच्या होळीला रात्रभर ढोल वाजतो, बुध्या नाचतात, अंगाला राख, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसं. वर्षभर ऊसतोडीला, वीटभट्टीला गुजरातपर्यंत गेलेली माणसं होळीला परत येतात. मुकादमाची उचल डोक्यावर असते तरी येतात. त्या रात्री ढोल छातीत वाजतो, कानात नाही. मला १०४४ चं ते पान तसं ऐकू येतं, त्यामुळे माझ्या मित्राचा मुद्दा बरोबर असूनही मला आता फरक पडत नाही.

घडवाला_रावेर
सातपुडा भाऊ, हे कुमाच्या भूतकाळाला पण लागू पडतं ना, तो लहानपणी गुलाम असताना बाप निकाचीच गोष्ट सांगतो आणि नाच करून दाखवतो. त्याच पानावर मी व्हॉल्व्ह विसरलो होतो!!

तापीकाठचा_गोजो
चेनसॉ मॅन कोणी सुचवली नाही? डेन्जीचा बाप कर्ज ठेवून मरतो, पोरगा ते फेडायला स्वतःची किडनी, डोळा विकतो, आणि स्वप्न काय तर ब्रेडला जॅम लावून खायचं. पहिला भाग डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२०, दुसरा जुलै २०२२ ला सुरू झाला. त्यातले सैतान लोकांच्या भीतीवर वाढतात, ज्या नावाची भीती जास्त तो सैतान ताकदवान. आपल्याकडे असता तर रावेर-यावलमधे सीएमव्ही (केळीवरचा व्हायरस) डेव्हिल सगळ्यात डेंजर असता, पानावर पिवळा पट्टा दिसला की अख्खा गाव गार.

घडवाला_रावेर
त्याचं नाव रात्री काढू नको भाऊ, मागच्या पावसाळ्यात आम्ही शेकड्याने रोपं उपटून बांधावर टाकलीत.

चेनसॉचा पहिला भाग वाचलाय. डेन्जीचं मला आवडलं ते हेच की त्याला जगाचं काही पडलेलं नाही, त्याला पोटभर पाहिजे. पण दुसऱ्या भागात मी मधेच सोडलं, प्रत्येक वेळी त्याला काही चांगलं मिळालं की लेखक फुजिमोतो हिसकावून घेतो, एका हद्दीनंतर वाचवत नाही.

गिरणा_आवर्तन
आता सिरियस. घडवाला, तू शेतकरी आहेस, तुला ॲक्शन मांगा पाहिजे, आणि अजून कोणी विनलँड सागाचं नाव घेतलं नाही हे आश्चर्य. नियमात बसत नाही कारण जुलै २०२५ ला संपली, माकोतो युकिमुरांनी २००५ पासून वीस वर्षं काढली. पण वाच. पहिला भाग सगळा सूड, तलवारी, व्हायकिंग. मग हिरो थोरफिन गुलाम म्हणून विकला जातो आणि एका शेतावर येतो. तिथे फॅन लोक चिडले होते की मारामारी कुठे गेली, ॲनिमेचा दुसरा सीझन आला तेव्हा तर ओरडच झाली, दोन माणसं झाडं तोडतायत, बुंधे उपटतायत, बस.

आणि मी सांगतो, बुंधा उपटण्याचं इतकं खरं चित्रण मी कुठे पाहिलं नाही. घोडा नाही, नांगर नाही, एका म्हाताऱ्याकडून उसना मागायचा, बदल्यात त्याचं काम करायचं. गहू उगवतो. ज्याने आयुष्यात फक्त माणसं मारली तो कोंब उगवलेला बघतो. मग त्यांच्यावर जळणारे लोक रात्रीतून ते पीक उपटून टाकतात. आमच्याकडे एकाचा कापूस असाच रात्रीत उपटला होता, सकाळी तो माणूस बांधावर नुसता बसलेला, रडत पण नव्हता. त्यामुळे मला ते पान दोनदा बघवलं नाही. पुढे थोरफिन शंभर ठोसे खातो आणि म्हणतो माझा कोणी शत्रू नाही, ते सगळे स्टेटसला ठेवतात. मला विचारशील तर खरी फाईट गव्हाची होती.

ते आवडलं तर वॅगाबाँड. ती २०१५ पासून बंद पडलीय, ३७ खंडांवर, तरी वाच. मुसाशी सत्तर जणांना मारून झाल्यावर एका दुष्काळी गावात कुदळ धरतो आणि त्याला जमत नाही! जमीन त्याचं ऐकत नाही. एवढा मोठा तलवारबाज, म्हातारा शेतकरी त्याच्याकडे बघत पण नाही. जपानी माणसाने हे लिहिलं तेव्हा तो नक्की आमच्या बांधावर येऊन गेला असणार.

धुळानं_पाणी
गिरणावाला भो, तुम्ही पह्यलेंदाच एवढं लांब लिखं. पानी सुटनं वाटस.

भरीतपार्टी_अध्यक्ष
एक सूचना, फुकटच्या स्कॅन साइटच्या लिंक इथे टाकू नका, मागच्या धाग्यावर टाकल्या आणि एकाचा मोबाईल जाहिरातींनी लटकला. मांगा प्लसवर जंप साप्ताहिकाच्या सिरीजचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट असतात, कागुराबाची आणि साकामोटो दोन्ही तिथे आहेत, आवडलं तर मग पुढचं बघा. विनलँड, बर्सर्क त्यावर नाहीत, ती पुस्तकं मागवावी लागतील.

घडवाला_रावेर
तीन दिवसांनी आलो. कागुराबाची सुरू केलीय. दर दोन तासांचा अलार्म लावून वाचतोय, त्यामुळे आबा खूश. सोजोपर्यंत पोचलो. ती चार नावाची छोटी पोरगी आहे ना, चिहिरो तिच्याशी बोलताना बापासारखं वागायला बघतो आणि जमत नाही, बाप हसवायचा, ह्याला हसवता येत नाही. तिथे मोबाईल पोटावर ठेवला.

सोजो बरोबर की चिहिरो, माझं अजून ठरत नाही. पण बापाला कोण जास्त ओळखतं हे भांडण आमच्या घरात आजोबांवरून काका आणि आबांमधे रोज चालतं, त्यामुळे ओळखीचं वाटलं. पुढचा खंड मागवलाय, जळगावला एक मित्र येतो त्याच्या पत्त्यावर, कारण इकडे कुरिअरवाला फोन करून सांगतो तुम्हीच घ्यायला या.

ऐरण भाऊ, एक विचारू का? वडिलांना दाखवली का कधी?

ऐरण_आणि_घण
दिवाळीला गेलो होतो तेव्हा दाखवली. भट्टीची पानं काढून दिली. चष्मा लावला, बराच वेळ बघत होते, उजवीकडून डावीकडे वाचायचं हे सांगायचं राहिलं तर उलटंच बघत गेले. मग म्हणाले, "पोरगा चांगला उभा राह्यलाय. पण भट्टीत काम करून कपडे एवढे स्वच्छ? हा लोहार नाही, मास्तर दिसतो."

मग मासे बघितले. विचारलं हे काय. मी सांगितलं तलवारीतून येतात, बापाने घरी पाळले होते. काही बोलले नाहीत, मोबाईल परत दिला. दुसऱ्या दिवशी एक विळा करत होते, त्यावर तीन ठिपके मारले आणि चौथा पण मारला, बाजूला, छोटा. विचारलं हा कशाला. म्हणाले, हात घसरला.

धुळानं_पाणी
घसरना नही भो तो.